त्याच्या अक्षरातल्या आया

पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधून जाम नदी वाहते. आमचा वर्ग दोन्ही काठांचा होता. १९८० साली आम्ही अकरावी बोर्डाची परीक्षा दिली. तिला आम्ही अजूनही ‘ग्यारहवी’च म्हणतो, कारण पुस्तकं हिंदी, बोर्ड भोपाळचं आणि गुणपत्रिकाही हिंदीच. घरी मात्र चुलीपासून देवघरापर्यंत सगळी मराठी. त्या वर्गातला सावरगावचा आमचा मित्र यंदा आषाढात गेला. त्याचं नाव इथे लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. जे त्याला ओळखत होते त्यांना दोन ओळींतच तो कळेल.

तेरवीला वर्गातले बरेच जण आले. नागपूरचे, छिंदवाड्याचे, बैतूलचे, वरूड-मोर्शीकडे दिलेल्या मुली, एक जण थेट पुण्याहून. जेवणं झाल्यावर त्याच्या ओसरीवर सतरंजी टाकली आणि संध्याकाळपर्यंत कोणी उठलं नाही. तिथे जे बोलणं झालं ते लिहून ठेव, असं सगळ्यांनी मला सांगितलं. त्यातलं काही माझं आहे, बरंचसं त्यांचं.

तो दुसरीत असताना त्याची आई गेली. घरी वडील आणि आजी. वडिलांची दोन-तीन एकर कोरडवाहू जमीन, तीत पऱ्हाटी आणि तूर. बाकी दिवस दुसऱ्याच्या वावरात रोजानं. आजीला डोळ्यांनी कमी दिसायचं. ती भाकर थापायची, पण चुलीतला जाळ हाताला लागेपर्यंत तिला कळायचा नाही. म्हणून सावरगावातल्या बायांनी आपसात काही न ठरवता एक व्यवस्था लावली. पोरगा संध्याकाळी ज्याच्या घरी अभ्यासाला असेल त्याच घरी जेवणार, आणि जाताना आजीसाठी कटोरीत भाजी नेणार. ही कटोरी सतत फिरत असायची. ज्या घरची असेल त्या घरी ती परत कधी पोहोचायची नाही, दुसऱ्याच घरी जायची. आमच्या आयांनी आपापल्या भांड्यांवर नावं कोरून घेतली होती, तरी एकमेकींची भांडी एकमेकींकडे कायमची राहिली. माझ्या आईच्या मांडणीत शेवटपर्यंत एक पितळी कटोरी होती आणि तिच्यावर दुसऱ्याच घराचं नाव होतं.

या फिरत्या जेवणामुळे एक गोष्ट झाली, जी आम्हाला फार उशिरा कळली. आम्हा प्रत्येकाला आपल्याच आईच्या हातची चव ठाऊक होती. त्याला सगळ्यांच्या आयांची ठाऊक होती. माझी आई अंबाडीच्या भाजीत ज्वारीची कणी घालायची आणि लसणाची फोडणी वरून द्यायची. स्टेशनाकडच्या मित्राच्या घरचे रोडगे गोवरीवर भाजलेले असायचे आणि वांग्याच्या भाजीला तिखट इतकं की पोट्टे नाक पुसत जेवायचे. एकीच्या घरी फाल्गुनात सरगुंडे वळायला गल्लीतल्या सगळ्या बाया जमायच्या. काड्यांवर कणकेची दोरी गुंडाळायची, सुकल्यावर काडी ओढून घ्यायची. आम्हा पोरांकडे काड्या पुसून देण्याचं काम. महालक्ष्म्यांची आंबील कोणाकडे पातळ, कोणाकडे घट्ट, सांबारवडी कोणाची खुसखुशीत, हे तो पन्नास वर्षांनंतरही सांगायचा. आम्ही कोणी सांगू शकत नव्हतो.

तेरवीच्या दिवशी आमच्यातला एक निवृत्त शिक्षक म्हणाला, “माह्या आईच्या हातचं खाल्लेला घराबाहेरचा शेवटचा माणूस गेला.” त्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला आई-वडील नसतात, हे ठरलेलंच आहे. पण आपली आई होती, ती अशी बोलायची, असं वाढायची, हे सांगणारा घराबाहेरचा माणूस असतो तोवर ती निव्वळ आपल्या मनातली राहत नाही. माझ्या मुलांना आजी फोटोतली माहीत आहे. बायकोला ती सासू म्हणून थोडी वर्षं माहीत होती. चाळिशीतली, पदर खोचलेली, ओरडणारी आणि ओरडता ओरडता वाढणारी माझी आई त्याला माहीत होती.

आता त्याच्या अक्षराबद्दल सांगतो. खरं तर याचसाठी हे लिहायला बसलो.

आमच्यापैकी बहुतेकांनी मुळाक्षरं मराठीत गिरवली आणि पुढे शाळेची पुस्तकं हिंदी झाली. लिपी एकच, त्यामुळे वाचता सगळ्यांना येत होतं. पण मराठी लिहायला बसलं की मध्येच ‘और’ आणि ‘लेकिन’ घुसायचे. आमच्या वडिलांच्या पिढीचं तसं नव्हतं. त्यांच्या लहानपणी जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती. कचेरी, कोर्ट, बाजार सगळं तिकडे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याची मराठी घरंही. नागपूर शंभरेक किलोमीटरवर होतं तिथेच राहिलं, पण राजधानी भोपाळ झाली, जवळजवळ तिप्पट लांब. सोयरिकी मात्र कोणत्या आयोगाला विचारून होत नाहीत. आमच्या बहिणी वरूड, मोर्शी, नरखेड, काटोलला दिल्या जात राहिल्या आणि तिकडच्या मुली सुना होऊन इकडे येत राहिल्या. दर घराची एक तरी लेक त्या राज्यात होती, आणि तिला पत्र लिहायचं तर मराठीतच लिहायला हवं.

आयांना लिहिता येत नव्हतं. वडिलांकडून लिहून घेतलं तर ते चार ओळींत आटपायचे: इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवणे. मोठ्या भावाकडून घेतलं तर तो हसायचा. हा आईविना पोरगा प्रत्येकीच्या चुलीपाशी बसत होता, अक्षर टपोरं होतं, आणि मुख्य म्हणजे ऐकून घ्यायचा. पाचवी-सहावीपासून तो सावरगावच्या बायांचा लेखनिक झाला. कुणी अंतर्देशीय आणून ठेवायची, कुणी पोस्टकार्ड. पोस्टकार्ड उघडं असतं, म्हणून मनातलं सांगायचं असेल तर अंतर्देशीयच. एवढं शहाणपण त्या बायांना होतं.

दुसरा कोणी लिहिता तर त्यानं बायांची बोली पुस्तकी केली असती. आमच्यातल्या हुशारांनी एक-दोनदा लिहून पाहिलं, तेव्हा ‘तुझी फार आठवण येते’ असं लिहिलं होतं. तो जसं बोललं जाईल तसं लिहायचा. “तुले आठवून राह्यली माय” असं बाई म्हणाली की कागदावर तेच. मध्येच ती सुनेवर खेकसली तर तेवढं गाळायचा, पण बाई रडून थांबली तर पुढचं वाक्य नव्या ओळीवर घ्यायचा. पत्र पोहोचलं की तिकडे लेक वाचायची तेव्हा आईच बोलतेय असं वाटायचं. वरूडच्या आमच्या वर्गमैत्रिणीने हे सांगितलं. तिची हकीकत पुढे येईल.

त्या पत्रांतून त्याला सगळ्या घरांचं सगळं ठाऊक झालं. कोणाच्या लेकीला सासरी त्रास आहे, कोणी सावकाराकडे दागिने ठेवलेत, कोणाच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही. बारा-तेरा वर्षांचा पोरगा. आम्ही नदीवर पोहताना, बोरं पाडताना, रात्री कंदिलाभोवती बसून गणितं सोडवताना सगळं एकमेकांना सांगत होतो. त्यानं त्यातलं अवाक्षर कधी सांगितलं नाही. माझ्या बहिणीच्या बाबतीत काय घडत होतं ते आईने त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. मला ते आई गेल्यावर बहिणीने सांगितलं. मध्ये वीस वर्षं गेली होती आणि तो माझ्याशी रोज बोलत होता.

शाळेत मराठीचा तास असून नसल्यासारखा होता. पण एक गुरुजी होते, ते शाळा सुटल्यावर ओट्यावर पाच-सहा पोरं घेऊन बसायचे आणि मराठी वाचायला लावायचे. राम गणेश गडकरी आपल्या सावनेरला वारले, हे आम्हाला त्यांच्याकडून कळलं. सौंसरहून नागपूरला जाताना लागतं ते सावनेर. २३ जानेवारी १९१९, वय तेहतीस. ‘राजसंन्यास’ अपुरं राहिलं. गुरुजींनी हेही सांगितलं की त्याआधी नऊ महिनेही झाले नव्हते, ५ मे १९१८ ला, खानदेशात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गडकऱ्यांचे मित्र बालकवी गेले होते, वय सत्तावीस. बाकीच्यांना त्यातली वर्षं पाठ करण्यापुरती राहिली. त्यानं विचारलं, “मंग त्या नऊ महिन्यांत गडकऱ्यांनी कोणाले पत्र लिहिलं असन?” गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःच्या घरची पुस्तकं न्यायला परवानगी दिली. त्यानं ती सगळी वाचली. आमच्या वर्गात मराठी वाचनाची आवड असलेले जे थोडे निघाले, ते त्याच्या मागोमाग निघाले.

सावरगावच्या माणसाबद्दल लिहायचं आणि गोटमारीबद्दल नाही, हे शक्य नाही. बाहेरच्यांना आमच्या गावाचं तेवढंच माहीत असतं.

श्रावणी अमावास्येला पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं त्यांना म्हणायचं. दुसऱ्या दिवशी झुली, बेगड, तोरण, पुरणपोळी. आणि पोळ्याच्या पाडव्याला पहाटे जामच्या मधोमध पळसाचं झाड रोवलं जातं, त्याला झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. दिवसभर दगड. पांढुर्ण्याच्या लोकांनी दगडांच्या माऱ्यातून जाऊन कुऱ्हाडीनं झेंडा तोडायचा, सावरगावानं तो राखायचा. शेवटी दोन्ही गावांनी मिळून झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यायचा. का, तर पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी नदी ओलांडून पळून जात होते आणि दोन्हीकडून दगड आले, अशी कथा सांगतात. भोसल्यांच्या सैन्याचा हा सराव होता, असंही सांगणारे आहेत. दरवर्षी शेकडो जखमी होतात, गेल्या सत्तर वर्षांत डझनावर माणसं यात गेली आहेत. १९७८ च्या गोटमारीत पोलिसांचा गोळीबार झाला तेव्हा आम्ही दहावीत होतो. प्रशासनानं दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले तेही वर्ष आम्ही पाहिलं. चेंडू पोरांनी घरी नेले आणि दगड चालूच राहिले.

आमचा वर्ग त्या एका दिवशी दोन भागांत वाटला जायचा. ज्याच्या बाकावर वर्षभर बसलो त्याच्या दिशेनं दगड भिरकावायचा, आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला पट्टी बांधलेल्या त्याच मित्राची वही लिहून द्यायची. बाहेरच्याला हे क्रूर वाटतं, आणि ते क्रूर आहेच. लहानपणी मला ते शौर्य वाटायचं. आज माझं मत स्पष्ट आहे: झाड रोवा, झेंडा लावा, चंडीमातेचा जयजयकार करा, पण दगड थांबायला हवेत. आमच्या मित्राचं हे मत चौदाव्या वर्षीच झालं होतं. त्यानं भाषण कधी केलं नाही. त्या दिवशी तो गुडघाभर पाण्यात असायचा, मधोमध नाही, जरा खालच्या अंगाला. डोकं फुटलेला कोणत्याही काठाचा असो, त्याला पाठीवर घेऊन जवळच्या काठाला काढायचा. त्याला दोन्हीकडून शिव्या बसायच्या. सावरगावचे म्हणायचे, “आपला असून त्याहिले काहून उचलतं बे?” तो म्हणायचा, “त्याच्या मायनं मले जेवू घातलं ना.” पांढुर्ण्याच्या काठावरच्या घरांतूनही त्याची कटोरी फिरलेली होती.

अनेक वर्षं तो एकटा होता, मग दोघे-तिघे झाले, मग दोन्ही काठांची पोरं त्याच्याबरोबर उतरायला लागली. पन्नाशीनंतर गुडघे दुखायला लागले तसा तो काठावर बसून पाणी, हळद आणि कापूस सांभाळू लागला. यंदाच्या पाडव्याला आम्ही काही जण मुद्दाम गेलो. त्याच्या जागी त्याचा पुतण्या बसला होता. दगड यंदाही चालले, जखमी यंदाही झाले. त्याच्या आयुष्यात ते थांबले नाहीत, याचा राग मला येतो आणि तो मी लपवत नाही.

ग्यारहवीनंतर वर्ग पांगला. पांढुर्णा स्टेशन नागपूर-इटारसी मार्गावर असल्यामुळे जाणं सोपं होतं. कोणी नागपूरला कॉलेजात, कोणी कोराडीच्या वीज केंद्रात, कोणी सारणीला, कोणी परासियाच्या कोळसा खाणीत, कोणी मास्तर झाले. सौंसरकडचे दोघं छोट्या लाईनच्या गाडीनं छिंदवाड्याला गेले. ती लाईन २०१५ साली बंद झाली, तेव्हा त्यांनी शेवटच्या दिवसांत मुद्दाम तिकीट काढून प्रवास केला होता. प्रत्येकाला पोहोचवायला तो स्टेशनावर यायचा. स्वतः कुठे गेला नाही. वडिलांचं आजारपण, आजी, आणि नंतर विहिरीला पाणी लागलं म्हणून लावलेली संत्र्याची बाग.

त्याची बाग मोठी नव्हती, पण आमच्या मुलखात संत्र्याशिवाय कोणाची गोष्ट पुरी होत नाही. जंबेरीच्या खुंटावर बांधलेल्या कलमा, उन्हाळ्यात झाडाला ताण द्यायचा की अंबिया बहार धरायचा याची दरवर्षीची घालमेल, बहार आला की फळगळीची धास्ती, फळ टिकलं तर भावाची. कोळशी आली त्या वर्षांत पानं काळी पडली आणि शेजारच्यांनी झाडं तोडून जळणाला लावली. त्यानं नाही तोडली. विश्वास होता असं नव्हे, तोडायची मजुरी हातात नव्हती, हे त्यानं स्वतः सांगितलं होतं. पुढे झाडं सावरली. अंबियाची तोड झाली की नागपूरच्या, छिंदवाड्याच्या आमच्या घरी एकेक पेटी यायची, वर वाळलेलं गवत आणि चिठ्ठी: “तुह्या घरच्या लिंबाखालच्या झाडाची हायेत.” आमचं घर विकलं गेलं होतं, लिंबही तोडला होता, पण बांधाला लागून असलेलं त्याचं ते झाड तो अजून आमच्या लिंबाखालचंच समजत होता.

आजारपण लांबलं नाही. छातीत दुखलं, नागपूरला नेलं, दोन दिवस तो शुद्धीवर होता. आम्ही नागपूरचे तिघं आळीपाळीनं बसलो. त्यानं विचारलेल्या गोष्टी लहान होत्या: पाऊस झाला काय, पुण्याच्या पोरानं रजा टाकली काय. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

मातीला दोन्ही गावं आली. पांढुर्णा ५ ऑक्टोबर २०२३ ला जिल्हा झाला तेव्हा त्यानं आम्हाला फोन करून सांगितलं होतं, “आता कलेक्टर आपल्या गावात बसन, छिंदवाड्याच्या फेऱ्या वाचल्या.” त्या आनंदाची आठवण काढत गावातले म्हातारे चालत होते. कडू घास तीन घरांतून आला. कोणी आणायचा यावर बायांमध्ये हळू आवाजात वादही झाला, कारण प्रत्येक घराला तो आपला वाटत होता.

आता वरूडच्या मैत्रिणीबद्दल. वर्गात ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. परीक्षेच्या वर्षीच तिचं लग्न झालं. ती वारकरी कुटुंबात गेली, चांगल्या घरी, पण माहेर दूर आणि नदीला पूर आला की आणखी दूर. तेरवीला ती एक कापडी पिशवी घेऊन आली होती. त्यात अंतर्देशीय पत्रं, वर्षावर्षाचे गठ्ठे, दोऱ्यानं बांधलेले. तिच्या आईची. म्हणजे त्याच्या अक्षरातली.

तिने सांगितलं ते असं. तिची आई वारली तेव्हा तिची मुलं लहान होती, दहाव्यापुरतंच येता आलं. भाऊ बोलणारा नाही, वहिनी तिच्या संसारात. दिवाळीला माहेरचं पत्र येणार नाही हे तिनं मनाशी धरून ठेवलं. आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी अंतर्देशीय आलं. तेच टपोरं अक्षर. आईच्या नावानं नव्हतं, तेवढा खोटेपणा त्यानं केला नाही. खाली स्वतःचं नाव होतं. पण मजकूर आईच्या हिशेबाचा: जामला पाणी किती, कोणाच्या घरी लेकरू झालं, कोण गेलं, तुझ्या अंगणातला पारिजात फुलला, भाऊबीजेला येशील तर भाऊ स्टेशनावर येईल, मी त्याला सांगितलं आहे. भाऊ खरोखर आला. तेव्हापासून दर दिवाळीला पत्र येत राहिलं. फोन आले, मोबाइल आले, तरी पत्र थांबलं नाही. “आय गेली तवा माहेर गेलं असं मले वाटलं होतं,” ती म्हणाली, “पण ते आता आषाढात गेलं.”

तेव्हा दुसरी एक जण म्हणाली, “मलेही येते पत्र.” मग तिसरी. आम्ही पुरुष एकमेकांकडे पाहत राहिलो. सावरगावच्या सगळ्या दिलेल्या मुलींना, ज्यांच्या आयांची पत्रं त्यानं कधी लिहिली होती, आई गेल्यानंतर तो दिवाळीला पत्र लिहीत होता. माझ्या बहिणीलाही. हेही त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं.

त्याची मुलगी आत गेली आणि ट्रंकेतून एक वही घेऊन आली. शाळेची, लाल रेघेची. तीत पत्ते होते. नावापुढे आडनाव नव्हतं, ‘अमुक मावशीची मधली, काटोल’, ‘तमुक काकूची धाकटी, मोर्शी’ असं लिहिलेलं, आणि पुढे पिनकोड. काही नावांवर रेघ मारून तारीख घातली होती. वहीच्या मागच्या बाजूला कोऱ्या अंतर्देशीयांची थप्पी, या दिवाळीसाठी आणून ठेवलेली.

ही पत्रं आता पुढे कशी चालवायची यावर वाद झाला. पुण्याच्या मित्राचं म्हणणं, एक ग्रुप करू, सगळ्यांना एकदम निरोप जाईल. वरूडची ठाम नाही म्हणाली. ग्रुपवरचं पत्र कोणी घडी घालून ठेवत नाही, असं तिचं म्हणणं, आणि मला ते पटलं. मग पत्ते वाटून घेतले. वरूड-मोर्शीकडच्या तिच्याकडे, काटोल-नरखेडच्या निवृत्त शिक्षकाकडे, आणि मध्य प्रदेशातल्या माझ्याकडे. माझं अक्षर वाईट आहे. कोणी तक्रार केली नाही.

पण दिवाळीपर्यंत थांबता येणार नव्हतं. वहीतल्या कितीतरी जणींना तो गेल्याचंच माहीत नव्हतं. म्हणून पहिलं पत्र तिथेच, ओसरीवर लिहिलं. त्याच्या मुलीनं पेन दिलं. मी पुस्तकी मराठीत ‘कळविण्यास अत्यंत दुःख होते’ असं सुरू केलं आणि वरूडच्या मैत्रिणीनं कागद माझ्या हातून घेतला, दुसरा दिला, आणि सांगायला लागली. मी ती बोलली तसं लिहिलं:

“चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद. जामले पूर येऊन गेला, कोणाचं काही नुकसान नाही झालं. अंबियाचं फळ झाडावर हाय. तुह्या मायच्या घरचा पारवा अजून आढ्यावरच बसते. आपला लिहिणारा भाऊ आषाढातल्या द्वादशीले गेला. तरास नाही झाला त्याले. आम्ही सारे होतो. भाऊबीजेले येजो, स्टेशनावर आम्ही येऊ, गाडी कोणती ते आधी कळवजो. उत्तर लिहिशील तर आता माह्या नावानं लिहिजो, पत्ता मांगं देल्ला हाय.”